माळावरचं मातीचं कडं

(सन १९४७, माघ महिना. जत संस्थानातला एक उघडा माळ. त्यावर माणसाच्या छातीएवढ्या उंच मातीच्या गोल बांधाने वेढलेली, चाळीस पावले रुंदीची मोकळी जागा. बांधाला लागून आतल्या अंगाने चर खोदलेला, आणि त्या चरात आत्ताच एक बाई उतरलेली. उतरलेली म्हणणे सौजन्याचे ठरेल.)

तानुबाई : बघतोस काय रं वाकून? हात दे की. का हात द्यायला बी पलटणीचा हुकूम लागतो?

दादासो : देतो की, आत्या. पन तुमी बांध चढून कशाला आलासा? तिकडं उगवतीला चांगलं बैलगाडी जाईल येवडं दार ठेवलंय.

तानुबाई : दार पावन्यांसाटी असतंय. मी जागा बघाया आली. जागा बघनाऱ्यानं चोरागत यावं, म्हंजे जागा खरं बोलती. आता वढ. हळू रं! म्हातारी हाय, खेचर न्हवं.

मास्तर : तानुबाई, आपण सुखरूप आहात ना? मी आपणास बजावलेच होते की, बांधावर जेथे अद्याप काटे घातलेले नाहीत तेथून चढण्याचा मोह कितीही स्वाभाविक असला, तरी...

तानुबाई : नाथाजी मास्तर, तुमी बजावत हुतासा तवर मी तळाला पोचली हुती. तुमचं वाक्य लांब, बांध आखूड.

दादासो : लागलं का कुटं? पानी आनू?

तानुबाई : पानी मागनं. आदी बोलनं. ह्या दगडावर बसती. तुमी दोगं बी बसा, उबी मानसं लय खोटं बोलत्यात. हां. ऐक, दादासो. माझा भाऊ बिराप्पा मेंढरं घिऊन किस्नाकाठाला गेलाय, पोरीला, सुलीला, घोड्यावर बसवून संगं नेलीया. जाताना म्हनला, "अक्का, आईच्या माघारी सुलीला तू वाढीवलीस, तवा तिच्या लग्नाची जागा तूच बघ. तू व्हय म्हनलीस तर व्हय, न्हाई म्हनलीस तर न्हाई." तवा आज मी सरकार, मास्तर मध्यस्त, आन तू अर्जदार.

दादासो : मग सरकारनं अर्ज ऐकावा.

तानुबाई : आदी ह्ये काय हाय ते सांग. चार गावांत बोलबाला झालाय, दादासो पलटणीतनं आला आन माळावर किल्ला बांधतोय.

मास्तर : येथे मला हस्तक्षेप करणे भाग आहे. लोकांनी एखादा शब्द सैलपणे वापरला, म्हणून आपणही तो तसाच वापरावा असे नाही. किल्ल्यास तट हवा, तटास बुरूज हवेत, आत पाण्याचे टाके हवे, धान्याचे कोठार हवे, आणि या सर्वांवर किल्लेदार हवा. येथे मातीचा एक बांध आहे आणि आत सात कोकरे आहेत.

तानुबाई : किल्लेदार हाय की. ह्यो काय बसलाय, तुमान फाटलेला.

दादासो : आत्या, ती तुमान सरकारी हाय.

तानुबाई : मग सरकार बी फाटलं म्हनायचं.

दादासो : मी कवाच किल्ला म्हनलो न्हाई. ह्ये शेतकऱ्याचं घर हाय. निसतं गोल. मी पैल्यांदा ऐकलं ते इटलीत, इस्पितळात. माझ्या दोन बरगड्या मोडल्या हुत्या...

तानुबाई : गोळीनं?

दादासो : ...न्हाई. खेचरानं लाथ मारली.

तानुबाई : आगं बया! येवडा दर्या वलांडून लढाईला गेला, आन लाथ खाल्ली ती बी आपल्याच खेचराची.

दादासो : खच्चर कंपनीत लाथ लागनारच की, आत्या! तर तितं एक आर्डली हुता, डोनल नावाचा. आयर्लंडचा. शेतकऱ्याचं पोर. रोज सांजला माझ्या खाटंपाशी बसायचा, बोटानं कांबळ्यावर गोल काडायचा आन म्हनायचा, आमच्या शेतात असलं कडं हाय, मातीचं, जुनं. पयल्या काळात त्यात मानसं ऱ्हायची, जनावरं ऱ्हायची. त्येची हिंदुस्तानी आन माझी इंग्रजी, दोनी लंगड्या, पन...

मास्तर : दादासो!

दादासो : ...चुकलो, आत्या. माझ्या मनात तसं न्हवतं.

तानुबाई : तोंड कशाला पाडतोस? लंगड्याला लंगडं म्हनलं तर आबाळ कोसळत न्हाई. आमी घरात म्हनतोच. सुली सोता म्हनती. डावा पाय ल्हानपनी वाळला, त्यो वाळला. हंडा आनती, भाकरी थापती, लोकर तर अशी कातती की सूत बघून विणकर इचारतो, ह्ये कुनाच्या हातचं. पन मेंढरांमागं रोजचं दा कोस चालनं तिला जमायचं न्हाई, आन आपल्या जातीत बाईनं चालायचंच असतंय. तीन जागा आल्या. तिन्ही जागी पोराला बघितलं, घर बघाया गेलं तर घर घोड्याच्या पाटीवर. तवा मी ठरीवलं, आता पोरगा बघायचा न्हाई. जागा बघायची.

दादासो : म्हनूनच म्हनलं, आत्या. मेंढरं भाऊ अर्जुना फिरवंल. मी हितं आठ एकर करनार. ती फिरनार न्हाई.

तानुबाई : आन तुला धडधाकट पोरी मिळंनात व्हय? दोन बिल्लं हायती छातीवर. दया आली म्हनून करत असशील तर आत्ताच सांग. दया दोन पावसाळं टिकती. मग गळाया लागती.

दादासो : दया कसली? बिरोबाच्या जत्रंत मी घोंगडं घेत हुतो. ती बाजूला सूत घिऊन बसली हुती. मी घोंगडं उलटं धरून बघत हुतो, तर म्हनली, "चार वर्सं पलटणीत ऱ्हाऊन सुलट बाजू कंची ती कळंना, तर बंदूक कुनीकडनं धरत हुतासा?"

तानुबाई : आन तू काय म्हनलास?

दादासो : काय म्हननार? घोंगडं सुलट केलं.

मास्तर : या संवादाचा मी साक्षीदार आहे. दादासो ते घोंगडे खांद्यावर टाकून चालू लागला, आणि गावच्या वेशीशी पोहोचल्यावर मला म्हणाला, "मास्तर, तिचं बराबर हाय."

तानुबाई : हं. आता जागंचं बोला. हितं तांडा न्हाई, शेजार न्हाई. तू रानात गेलास, बाजाराला गेलास, की पोर एकटी. तिला पळता येत न्हाई. लांडगा आला तर? मेंढीचोर आला तर?

दादासो : त्येच तर, आत्या! त्येच्यासाटीच ह्ये कडं. पळाया लागूच नये. तिनं हितं मदी बसावं, लोकर कातावी, आन बाहेर काय बी येऊ दे. डोनलला मी कागूद धाडला हुता, त्येच्या घरचं कडं नेमकं कसं हाय ते लिव म्हनून. काल उत्तर आलं. मास्तरांस्नी म्हनलं, आत्यांम्होरंच वाचा. गोऱ्याच्या तोंडनं ऐकलं की पटंल.

तानुबाई : गोऱ्याच्या तोंडनं लय ऐकलं आजवर. पन वाचा.

मास्तर : वाचतो. भाषांतर माझे असल्यामुळे त्यात काही उणे आढळल्यास तो दोष मूळ लेखकाचा समजावा. त्याने दोन ठिकाणी वाक्य क्रियापदावाचून सोडले आहे. "प्रिय मित्रा, आमच्या शेतातल्या मातीच्या कड्याविषयी तू विचारलेस, म्हणून लिहितो. ते कोणी बांधले हे माझ्या बापाला ठाऊक नाही, आणि त्याच्या बापालाही नव्हते. मात्र शाळेतले गुरुजी सांगत की, त्याला हजाराहून अधिक वर्षे झाली असावीत."

तानुबाई : हजार वर्सं माती टिकली?

मास्तर : टिकली, आणि का टिकली तेही पुढे सांगितले आहे. "त्यावर कोणी नांगर घालीत नाही. तेथे न दिसणारे लोक राहतात, अशी समजूत आहे. कड्यावरचे काटेरी झाड तोडणाऱ्याचे बरे होत नाही. माझा बाप असल्या गोष्टींवर विश्वास ठेवीत नाही. पण तो ते झाड तोडीतही नाही."

तानुबाई : शाना मानूस. आपन बिरोबाच्या बनातली काडी तरी उचलतो का? त्येंचा बी कुनीतरी बिरोबा असंल. वाचा.

मास्तर : "हा राजाचा किल्ला नव्हे." बघा, बघा! मी मघाशी हेच प्रतिपादन केले होते! "येथे एक साधा शेतकरी, त्याची बायको, मुले आणि वासरे राहत. त्या काळी शेजारचे लोक एकमेकांच्या गाई पळवून नेत, आणि लांडगे आमच्याही बेटावर होते. म्हणून सांज झाली की जनावरे आत घ्यायची आणि दार लावायचे. साधा शेतकरी असेल तर एक कडे. त्याहून मोठा असेल तर दोन. राजा असेल तर तीन."

तानुबाई : दादासो, तुझी किती?

दादासो : एकच. दुसरं बांधू का?

तानुबाई : नगं बाबा. राजाच्या घरी पोर दिली की मागनं सवती येत्यात. एक बरं हाय.

मास्तर : "काही कड्यांमध्ये जमिनीखाली दगडी भुयार असे. त्यात दूध थंड राही, आणि लुटारू आले म्हणजे बायकामुले लपत."

तानुबाई : बायकास्नी दुदाशेजारी ठेवलं, ह्ये एक बरं केलं. बापये कुटं ठेवलं हुतं?

मास्तर : त्याविषयी पत्र मौन पाळते.

तानुबाई : पाळनारच. लिवनारा बापयाच हाय. म्हंजे मास्तर, ह्ये वाडगं झालं की. आपन मेंढरं सांजला वाडग्यात कोंडतो, तसं ह्ये मानसांचं वाडगं.

मास्तर : क्षमा करा, पण वाडगे हा शब्द मेंढरांच्या संदर्भात रूढ आहे. मनुष्यवस्तीस तो लावणे म्हणजे...

तानुबाई : मानसं काय येगळी असत्यात व्हय? अंधार पडला की त्येंस्नी बी आत यायचं असतंय.

मास्तर : ...मी क्षणभर निरुत्तर आहे. हे वारंवार घडत नाही.

दादासो : आत्या, मास्तरांस्नी गप करनारं मानूस पलटणीत बी मिळालं नसतं.

तानुबाई : तू लय खूस हू नगंस. फुडं वाचा, मास्तर.

मास्तर : "आता बांधणीविषयी. बाहेरून येणाऱ्यास आधी खोल चर लागे. चर ओलांडला की त्याच चराच्या मातीचा उंच बांध. बांधावर काटेरी झुडपांचे कुंपण. आणि त्याच्या आत समतल अंगण, इतके समतल की लहान मूल डोळे मिटूनही धावू शके. अंगणाच्या मध्यभागी..."

तानुबाई : थांबा. त्ये मागचं परत वाचा.

मास्तर : अंगणाचे?

तानुबाई : त्येच्या आदीचं. बाहेरनं येनाऱ्याला आदी काय लागायचं?

मास्तर : "आधी खोल चर."

तानुबाई : आन मग?

मास्तर : "चराच्या मातीचा उंच बांध."

तानुबाई : आन मी मगाशी बाहेरनं आली, तर आदी काय चढली?

मास्तर : आपण... आधी बांध चढलात.

तानुबाई : आन मग कशात पडली?

मास्तर : थांबा. घाई नको. भाषांतरात चूक नाही ना, ते आधी तपासू. "बाहेरून येणाऱ्यास आधी"... नाही. शब्द स्वच्छ आहे. पुढे त्याने आकृतीही काढली आहे. दादासो, आकृती पाहा. चर बाहेरच्या अंगाला दाखवलेला आहे.

दादासो : दावा. ...पन आत्या, असं बघा, लांडग्यानं वरनं उडी मारली, तर त्यो चरात पडंल. वर येईल कसा?

तानुबाई : मी कशी आली?

दादासो : तुमास्नी मी हात दिला.

तानुबाई : आन त्येला चार पाय हायती. बरं, ऱ्हाऊ दे लांडगा. सुली हंडा घिऊन हितनं निघाली, डावा पाय जरा पुडं सरकला, तर कोन पडंल चरात? लांडगा का सुली? बाहेरच्याला अडवायचं तर चर बाहेर लागतोय, पोरा. आत चर खनला, म्हंजे आतल्याला अडवलं. ह्यात माजी पोर राखनार हाईस, का कोंडनार हाईस?

मास्तर : तानुबाई, शब्द जरा कठोर झाला.

तानुबाई : चर बी खोल झालाय. बोल की रं. मगापासनं तुमानीपासनं लाथंपातूर सगळ्याला उत्तर हुतं तुज्याकडं.

दादासो : ...मी मोर्चा खनला.

तानुबाई : काय?

दादासो : मोर्चा. लढाईतला. मोर्चा खनताना माती फुडं टाकायची, दुश्मनाच्या अंगाला. आन आपन मागं, चरात. गाव बदललं की नवा मोर्चा. चार वर्सं त्येच केलं. हितं कुदळ घेतली, पैली पाटी भरली, आन हात आपोआप बाहेरच्या अंगाला गेलं. डोनलनं कांबळ्यावर बोटानं दावलं हुतं, आदी चर म्हनून. मला आता आठीवतंय. पन हातास्नी कोन सांगनार?

मास्तर : आणि खणायला लागल्यापासून चौदा महिन्यांत एकदाही तुझ्या ध्यानात आले नाही?

दादासो : न्हाई. उलट ह्ये बघितलं की बरं वाटायचं. आतनं गार वाटायचं. चरात पडलं की झोप बी लागायची.

तानुबाई : तू चरात निजतोस?

दादासो : ऱ्हायची खोप अजून बांदली न्हाई. वारं लागत न्हाई तितं.

तानुबाई : खोपीचं इचारलं न्हाई मी.

दादासो : ...व्हय. चरातच निजतो.

तानुबाई : आरं माज्या लेकरा. हितं तुज्यावर गोळी कोन झाडतंय? हाय त्यो एक लांडगा, आन त्येच्यापाशी बंदूक न्हाई.

दादासो : कळतंय, आत्या. दिसा कळतंय.

मास्तर : मला वाटते, या प्रसंगी थोडे पाणी...

तानुबाई : आना मास्तर. तिगांस्नी आना. ...दादासो, हिकडं बघ. चर बाहेर घ्यायचा झाला तर किती दीस लागतील?

दादासो : बाहेर नवा खनायचा, त्येची माती दारातनं आत आनायची आन आतला बुजवायचा. एकट्यानं दोन पावसाळं. ...ऱ्हाऊ द्या, आत्या. तुमी न्हाई म्हनलासा तरी बराबर हाय. मी तर सगळं उलटंच बांदलं. मास्तर, बिराप्पांस्नी तसंच कळवा.

मास्तर : पाणी घ्या. दादासो, मी गणिताने सांगतो. कड्याचा व्यास चाळीस पावले, म्हणजे घेर सुमारे एकशेपंचवीस. चराची रुंदी आणि खोली सारखीच धरली, तर...

तानुबाई : मास्तर, तुमचं गनित लांब, पानी थंड. घ्या आदी. दोन पावसाळं सुली थांबायची न्हाई. तिला एकोनीस सरलं. लोक आत्ताच बोलत्यात.

दादासो : त्येच म्हनतोय मी.

तानुबाई : तू काय म्हनतोस त्ये ऱ्हाऊ दे. मी काय म्हनती त्ये ऐक. माती बाहेरची आत आनायला दोन मानसं लागत्यात. एक पाटी भरनारं आन एक पाटी व्हानारं. भरनाऱ्याला चालाया लागत न्हाई.

दादासो : म्हंजे? नवी नवरी आनून आल्या आल्या माती उपसायला बसवू? लोक काय म्हनतील?

तानुबाई : लोक म्हनतील, दादासोची बायको कामाची हाय. ह्ये तिच्याबद्दल कुनी आजवर म्हनलं न्हाई. पाय अधू हाय तिचा, हात न्हाईत. आन तू कुटनं सुरवात करनार?

दादासो : जितनं तुमी म्हंशीला तितनं.

तानुबाई : जितं निजतोस, तितनं. ती जागा पैली बुजव. लग्नाआदी. त्येवडं एकट्यानं कर.

दादासो : ...करतो.

तानुबाई : वाद घालायचा न्हाई?

दादासो : न्हाई, आत्या.

तानुबाई : मास्तर, कागूद काडा. किस्नाकाठाला बाजाराची गाडी जाती, तिच्यासंगं धाडायचा. बिराप्पाला कुनीबी वाचून दावंल.

मास्तर : सिद्ध आहे. आरंभ असा करतो: "सकलगुणालंकृत राजमान्य राजेश्री बिराप्पा यांसी नाथाजी मास्तर यांचा सप्रेम नमस्कार. विशेष विनंती अशी की, आपल्या ज्येष्ठ भगिनींनी प्रस्तुत स्थळाची प्रत्यक्ष, सूक्ष्म आणि काही अंशी स्वतःच्या देहास क्लेश देऊनही पाहणी केली असता..."

तानुबाई : खोडा त्ये.

मास्तर : संपूर्ण?

तानुबाई : नमस्कार ठेवा. खाली लिवा: जागा बघितली. चर आत खनलाय, त्यो बाहेर जाईल. लिवलं?

मास्तर : लिहिले. आणि वराविषयी? निदान एक वाक्य तरी हवे.

तानुबाई : लिवा, खोप अजून बांदायची हाय. तिचं दार कुनीकडं पायजे, त्ये सुलीला इचारून कळीव.